तापाच्या बाई

आमच्या बाईंना "कसं काय, बरं आहे ना?" असं कुणी विचारलेलं मुळीच खपत नसे. वॉर्डात नव्यानेच आलेली एखादी नर्स सकाळी सकाळी पेशंटला हे विचारायची आणि बाई तीन खाटा पलीकडून ओरडायच्या, "तो काय सांगणार तुला? बरं आहे म्हणणार! आपल्याकडे माणूस तिरडीवर बांधेपर्यंत बराच असतो. कणकण आहे का विचार. पाणी पिताना अंगावर काटा येतो का विचार. पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं का विचार. आणि विचारताना काखेत थर्मामीटर लावलेला असू दे, म्हणजे तो खोटं बोलला तरी चालेल."

ती नवीन नर्स म्हणजे मीच. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. त्या आठवड्यात मी दोनदा रडले आणि एकदा नोकरी सोडायचं नक्की केलं. माझा भाऊ गिरणीत होता, आम्ही दोघं लालबागला एका चाळीत राहत होतो. तो म्हणाला, "अगं, आमच्या मुकादमापेक्षा, त्या जॉबरपेक्षा तर बऱ्या आहेत ना? शिव्या देत नाहीत ना?" शिव्या देत नव्हत्या हे खरं होतं. मग मी राहिले, आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्याच हाताखाली काढली.

बाई म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'तापाच्या बाई'. ठेंगणी, काटक मूर्ती, पांढरं पातळ, वर कोट, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून इस्पितळात फार चेष्टा चाले. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "चपलेचा आवाज आला की पेशंट उठून बसतात. पांघरूण नीट करतात, तोंड हसरं करतात. मला हसरं तोंड बघायचं नसतं. मी यायच्या आधी तो कसा पडलेला असतो ते बघायचं असतं." आणि खरोखरच त्या कधी येऊन खाटेशी उभ्या राहायच्या ते कळत नसे. एका म्हाताऱ्या गुजराती गृहस्थांनी तर त्यांचा धसका घेऊन दोनदा देवाचं नाव घेतलं होतं.

राहायच्या गिरगावात, फणसवाडीत, वडिलांबरोबर. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ट्रामने यायच्या. ट्राममध्ये कुणी खोकलं की बाई उठून पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या, आणि जाता जाता त्या माणसाला सांगून जायच्या, "रुमाल धरा तोंडाला. मला काही होणार नाही हो, पण मी जिथे चालले आहे तिथल्या लोकांना होईल." इस्पितळात आल्यावर आधी पातळ बदलायच्या, कोपरापर्यंत हात घासायच्या, मग वॉर्डात पाय ठेवायच्या. आम्हीही तसंच करावं अशी त्यांची अपेक्षा होती. माझ्या हाताची सालं निघायची तेव्हा त्या स्वतःच्या पर्समधून खोबरेल काढून द्यायच्या, पण हात धुणं काही सोडवायच्या नाहीत.

एवढी भीती कशाची, ते पेशंटला समजावून सांगायची त्यांची एक खास रीत होती. कॅन्सरवर नसेतून द्यायचं नवं औषध तेव्हा कुठे वापरात येऊ लागलं होतं. त्याने गाठ विरघळायची, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरायच्या. आमचे पेशंट बहुतेक गिरणगावातले. बाई खाटेशी उभ्या राहून सांगायच्या, "हे बघा, तुमच्या अंगात पहारेकरी असतात. या औषधाने ते सगळे संपावर जातात. संप आम्हीच घडवून आणलेला, काय करणार? आता गिरणीला पहारा नाही आणि दार सताड उघडं. एरवी चोर शिरला तर आरडाओरडा होतो, मारामारी होते, सूज येते, पू होतो. आता काही होणार नाही. होईल फक्त ताप. तेवढी एकच शिट्टी वाजेल. ती वाजली की तुम्ही काय करायचं?"

एकदा एक विणकर म्हणाला, "संप मिटवायचा, बाई."

"तो मिटेल आपला आपण, पंधरा दिवसांनी. पण चोर पंधरा दिवस थांबत नाही. एका दिवसात गिरणी लुटून जातो. तुम्ही फक्त माझ्याकडे पळत यायचं. जेवण टाकून, आंघोळ टाकून. कळलं?"

तापाला आपल्याकडे किती शब्द आहेत याची यादी त्या बोटांवर मोजून दाखवायच्या. कसर, कणकण, बारीक ताप, अंग कोमट, अंग मोडून येणं, हाडी ताप. "आणि सगळ्यांचा अर्थ एकच," असं म्हणून त्या बोटं मिटायच्या, "उद्या बघू!" हे 'उद्या बघू' आणि 'अंगावर काढणं', या दोन गोष्टींशी त्यांचं हाडवैर होतं. गिरणगावात ताप अंगावर काढणं ही मोठी मर्दुमकी समजली जाई. खाडा न करता तापात पाळी भरणाऱ्या माणसाचं चाळीत कौतुक व्हायचं. बाई म्हणायच्या, "अंगावर काढायला आधी अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. यांच्या अंगात आम्ही काही ठेवलेलं नाही."

म्हणून त्या घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला एक थर्मामीटर देत. कपाळाला हात लावून ताप बघणं त्यांना मंजूर नव्हतं. एका आईने म्हटलं, "माझ्या हाताला कळतं हो बाई." तर म्हणाल्या, "तुमच्या हाताला माया कळते. पारा वेगळा."

गणपतीच्या दिवसांत मात्र बाईंची फार पंचाईत होई. परळ-लालबागमध्ये दहा दिवस नुसता उत्साह, आणि प्रत्येक पेशंटकडे घरून प्रसाद यायचा. ओलं खोबरं, कापलेली केळी, कुठल्या हातातून कुठल्या हातात आलेले पेढे. पेशंटला यातलं काही द्यायचं नाही, आणि देवाचं परत पाठवायचं नाही. तेव्हा बाई दारात उभ्या राहून सगळा प्रसाद स्वतः खायच्या. मुठी मुठीने खायच्या. "तुमच्या नावाने पोचला," असं खाटेवरच्या माणसाला ओरडून सांगायच्या. विसर्जनापर्यंत त्यांचा कोट पोटावर बसेनासा होई. फुलांना तर मज्जावच होता. गजरा घालून आलेल्या बायकांना त्या दारातच थांबवत आणि फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याला 'जंतूंची खानावळ' म्हणत.

खानावळीवरून आठवलं, आता काकींचं सांगायलाच हवं.

आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर काकींची खानावळ होती. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्याने गेला. पदरात एक तान्ही पोर. काकींनी चूल मोठी केली आणि एकटेदुकटे राहणारे गिरणीवाले जेवायला बसवायला सुरुवात केली. त्यांना 'मेंबर' म्हणत. दोन पाळ्यांचे मिळून वीस-पंचवीस मेंबर असतील. काकी दिवसभर चुलीपुढे, आणि त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर आम्हाला ऐकू यायचा. त्यांच्या गळ्याला गाठी आलेल्या प्रथम मी पाहिल्या आणि जवळजवळ ओढतच त्यांना बाईंकडे नेलं.

तपासण्या झाल्या. बाईंनी काय आहे ते सरळ सांगितलं, लपवाछपवी त्यांना जमत नसे. काकींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बाईनु, माका बरी करतल्यात काय, ता मी इचारणंय नाय. माझी आवस गेली तेवा मी दोन वर्सांची होतंय. माका तिचा कायएक आठवणा नाय. तोंड नाय, आवाज नाय. माझ्या चेडवाक तसा होव नये. तिका माझी सय रवात, इतकी वर्सा माका गावतली काय?"

बाईंनी विचारलं, "मुलगी केवढी आहे?"

"चौथा लागलाहा."

मला वाटलं, बाई नेहमीप्रमाणे काहीतरी तोडून बोलतील. पण त्यांनी हातातला केसपेपर मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "वर्षं माझ्याजवळ नाहीत गं. औषध आहे. गाठ हळूहळू खाते, तिच्याशी भांडता येतं. ताप एका दिवसात नेतो. तू तापाचं तेवढं सांभाळ. बाकीचं मी बघते."

काकींचं औषध सुरू झालं. गाठी लहान झाल्या. काकी थर्मामीटर चुलीशेजारच्या खिळ्याला, पळी-झाऱ्यांच्या रांगेत अडकवून ठेवायच्या.

आणि अशातच ती बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, ट्रामा बंद, रस्त्यावर दगड आणि काचा. मग गोळीबार झाला, माणसं गेली, संचारबंदी लागली. बाई संचारबंदी लागायच्या आदल्या दिवसापासून इस्पितळातच मुक्कामाला होत्या. तपासणीच्या टेबलावर झोपायच्या आणि धुतलेलं पातळ क्ष-किरणाच्या खोलीत वाळत घालायच्या. वडिलांची काळजी वाटत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "ते मोर्चात असतील."

मला नर्सच्या कपड्यांमुळे पोलीस जाऊ द्यायचे. एक दिवस दुपारच्या ड्यूटीला निघताना मी खाली खानावळीत डोकावले. गिरण्या बंद असल्यामुळे दोन्ही पाळ्यांचे मेंबर एकदमच जेवायला. खोली गच्च भरलेली, सगळे एकाच वेळी बोलत होते. काकी चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. चूल रसरसलेली आणि काकींनी पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटून घेतला होता.

एक मेंबर हसत म्हणाला, "बघा सिस्टर, आम्ही घामाने निथळतोय आणि काकींना थंडी वाजतेय!"

मी जवळ गेले. त्यांचे दात वाजत होते. "काकी, ताप बघितलात?"

"काय बघूचा त्यात? चुलीपुढे बसल्यार ती काचेची कांडीव तापता. काल बघलंय, परवा बघलंय, कायम जास्तच दाखयता. मी बघूचाच सोडलंय."

त्यांचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईचं अंग गरमच असायचं. हात लावणाऱ्याला वेगळं काही वाटायचं नाही, आणि तिला स्वतःलाही नाही. मी त्यांना दंडाला धरून बाहेर गॅलरीत आणलं, थोडा वेळ वाऱ्यावर बसवलं आणि मग थर्मामीटर लावला. पारा एकशे तीनच्या वर गेला होता.

"आत्ताच्या आत्ता चला," मी म्हणाले.

"रातचा जेवाण करून ठेवतंय नि मगे येतंय. एवढी माणसा उपाशी मारू काय? आधीच भायर गोळये घालतत."

मी खूप सांगितलं. काकी उठून पुन्हा चुलीपुढे जाऊन बसल्या. तेव्हा त्यांच्या मेंबरांपैकी एक, साताऱ्याकडचा, गिरणीत फिटर होता, तो पुढे झाला. अगदी अबोल माणूस. त्याने कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलली आणि चुलीत ओतली. खोलीभर धूर आणि राख. काकींनी कपाळावर हात मारला. खानावळीच्या चुलीत दिवसाउजेडी पाणी ओतलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. फिटर म्हणाला, "आता कशावर करतायसा रातचं? चला."

चाळीतल्या वाचनालयाची खुर्ची आणली, काकींना तिच्यावर बसवलं, आणि मेंबर निघाले. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. संचारबंदी तर होतीच, वर पाच माणसांनी एकत्र फिरायला बंदी होती आणि आमच्याबरोबर निम्मी खानावळ होती. हवालदार मराठीच होता. त्याने काकींकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चौघं न्या. खुर्चीला चारच पाय असतात. सिस्टरना मी धरत नाही." मागे राहिलेल्यांनी काकींना ओरडून सांगितलं की पोर आम्ही सांभाळतो.

बाईंनी आम्हाला येताना वरच्या खिडकीतून पाहिलं असावं, कारण आम्ही फाटकात पोचलो तेव्हा त्या खाली उभ्या होत्या. काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. "थंडी वाजली?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांच्या वॉर्डात सुया आणि काचेच्या सिरिंजा नेहमी उकळत असत, घरात पाहुण्यांसाठी चहाचं आधण असावं तशा. अडचण होती ती वेगळीच. वॉर्डातलं पेनिसिलिन सकाळीच संपलं होतं. बाकीचं भांडारात. भांडाराला कुलूप. किल्ली भांडारपालाच्या कमरेला, आणि भांडारपाल कमरेसकट गिरगावात अडकलेला.

इस्पितळाचे मुख्य डॉक्टर तिथेच होते. मनाने अतिशय चांगला माणूस. ते म्हणाले, "बाई, जरा धीर धरा. रक्त तपासायला पाठवू. पेशी खरंच किती आहेत, जंतू कोणता आहे, काहीच माहीत नाही. साठा थोडा आहे. बाहेर गोळीबार चाललाय, शेजारच्या इस्पितळातून केव्हाही मागणी येईल. जखमी तरणीताठी पोरं आहेत ती. आणि या बाईचं आयुष्य... तुम्हाला माहीत आहेच किती आहे ते."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. काकी खुर्चीवरच होत्या, डोळे मिटलेले, आणि ओठ पांढरेफटक पडले होते.

बाई म्हणाल्या, "रिपोर्ट नको असं मी कधी म्हटलंय? रक्त मी आत्ता काढते. रिपोर्ट उद्या येईल तेव्हा आपण दोघं बसून वाचू. पण सुई आज. डॉक्टर, दादरचे ते शाळामास्तर तुमच्या लक्षात आहेत? संध्याकाळी ताप आला होता. मी रिपोर्टची वाट पाहिली. सकाळी रिपोर्ट आला, छान टाइप केलेला. मास्तर नव्हते." मग पुढे म्हणाल्या, "जखमी येतील तेव्हा त्यांना मी माझ्या हाताने देईन. ही आत्ता आली आहे."

एवढं बोलून त्या मेंबरांकडे वळल्या. "तुमच्यात कुणाला कुलूप उघडता येतं?"

फिटर म्हणाला, "उघडायचं कशाला, तोडतो की."

"कुलूप तोडायचं नाही," बाई ओरडल्या. "ते इस्पितळाचं आहे. बिजागऱ्या काढ."

फिटरच्या खिशात पेचकस असायचाच. त्याने भांडाराच्या दाराच्या दोन्ही फळ्यांच्या बिजागऱ्या एकेक करून सोडवल्या. दार जुनं सागवानी, चांगलं जड. शेवटचा स्क्रू निघाला तसं ते बाईंच्या अंगावर कलंडू लागलं, आणि "अहो, पडेल, पडेल!" असं म्हणत मुख्य डॉक्टरांनीच पुढे होऊन ते धरलं. मग काय करणार, फिटरबरोबर त्यांनीच ते उचलून भिंतीला लावून ठेवलं. बाई तोवर आत जाऊन खोकी घेऊन बाहेर आल्या होत्या. काकींच्या अंगात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही गेली तेव्हा त्या फाटकातून आत येऊन फार तर अर्धा तास झाला असेल.

दुसऱ्या दिवशी भांडारपाल कसाबसा पोचला. दार भिंतीला टेकून उभं होतं आणि कुलूप त्याच्या कडीत शाबूत लटकत होतं. त्याने सवयीने कमरेची किल्ली काढून आधी ते कुलूप उघडलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. कित्येक दिवस आम्ही त्याची नक्कल करून हसत होतो, पण ते नंतर. तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं. ताप हटत नव्हता. रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. मुख्य डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि भांडारातून आणखी खोकी पाठवली.

चौघे मेंबर संचारबंदीमुळे इस्पितळातच अडकले होते. आचारीही आलेला नव्हता. बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात जुंपलं. जन्मभर काकींच्या हातचं आयतं खाल्लेली माणसं ती, त्यांनी पेज करपवली. बाईंनी ती करपलेली पेज उभ्या उभ्या खाल्ली आणि पुन्हा काकींच्या खाटेशी जाऊन बसल्या. काकी तापात बडबडत होत्या. कुणाला आमटी वाढा, कुणाची भाकरी राहिली, आणि मधूनच पोरीचं नाव. ते नाव आलं की बाई मान खाली घालत. त्यांना असं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण एरवी त्या बसतच नसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकींना घाम फुटला. थर्मामीटर बाईंनी स्वतः लावला, खिडकीशी नेऊन बघितला, झटकला, पुन्हा लावला. मग बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आल्या. डोळे लाल झाले होते. मला म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? चादर बदल तिची."

संचारबंदी उठल्यावर बाई एक दिवस आमच्या चाळीत अवतरल्या. काकींकडे न बघता सरळ चुलीपुढे पाट ओढून बसल्या आणि तोंडात थर्मामीटर धरला. मेंबर हातात ताटं घेऊन उभे. डॉक्टरीणबाईच्या तोंडात थर्मामीटर असल्यामुळे कुणाला काही विचारताही येईना. मग उठून गॅलरीत गेल्या, तिथे बसून पुन्हा बघितलं. शेवटी काकींना म्हणाल्या, "चूक माझी होती. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला ताप कसा बघायचा हे मी कधी सांगितलंच नाही, कारण मी कधी चुलीपुढे बसलेच नाही. चुलीपासून उठायचं, वाऱ्यावर घटकाभर बसायचं, मग लावायचा. चुलीची ऊब उतरते, ताप उतरत नाही." तेव्हापासून वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्या आधी विचारत, "घरी स्वयंपाक कोण करतं?" नवीन डॉक्टरांना वाटे बाईंचं डोकं फिरलंय.

काकींना त्यानंतर आणखी दोनदा ताप आला. दोन्ही वेळा त्या चूल तशीच सोडून चालत आल्या. एकदा तर पिठाच्या हातानेच आल्या. शेवटी गाठींनी जिंकायचं ते जिंकलंच. महाराष्ट्र झाला तो काकींना बघायला मिळाला नाही. आमच्याच वॉर्डात, सकाळच्या वेळी, शांतपणे गेल्या.

बाई खाटेपासून निघाल्या त्या व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेले. त्यांनी वळून न बघता विचारलं, "मुलगी केवढी झाली आता?"

"सातवं संपेल, बाई."

"सात," त्या म्हणाल्या. "सात पुरेत का गं?"

त्या नंतर वॉर्डात आल्या आणि राउंड घेतला.

पोरीची चुलती गावाहून येऊन राहिली आणि तिने खानावळ चालवली. फिटर आणि बाकीचे मेंबर होतेच. पोर चाळीतच वाढली, शिकली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका झाली. बाई तोवर निवृत्त होऊन फणसवाडीतल्या घरी एकट्याच राहत होत्या. मी अधूनमधून जायची. एकदा त्या पोरीला बरोबर घेऊन गेले. वाटेत तिला सगळं सांगितलं. चुलीत पाणी, खुर्ची, भांडाराचं दार. तिला यातलं बरंचसं माहीत नव्हतं.

बाई आता फार वाळल्या होत्या. पोरीला त्यांनी समोर बसवलं, खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि काही प्रस्तावना न करता विचारलं, "आई आठवते तुला?"

पोर गोंधळली. मी मनातून घाबरले. या बाईला खोटं बोललेलं कळतं, आणि पोर खोटं बोलणारी नव्हती.

ती म्हणाली, "चेहरा आठवतो, पण तो खरा की फोटोतला, ते मला सांगता यायचं नाही. हात आठवतो, पीठ लागलेला." मग हसली. "ओरडणं मात्र पक्कं आठवतं. मी ताटात भाकरी टाकून खेळायला पळायची ना, तेव्हा अशी ओरडायची की अख्खी चाळ जमायची."

"ओरडायची?" बाई पुढे झुकल्या. "हे कधीचं? शेवटचं वर्ष?"

"हो. मी दुसरीत होते तेव्हा."

"ओरडायला ताकद लागते," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू मी अजून वॉर्डात उभी होते. "म्हणजे चांगली होती त्या वर्षी." मग त्यांनी पोरीचा हात धरला. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी कुणाकडे असं काही मागताना पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कशी ओरडायची? ओरडून दाखव."

"इथे? शेजारी काय म्हणतील?"

"दाखव गं."

पोर उठून उभी राहिली. एरवी तिची भाषा शाळेतली, स्वच्छ. तिने पदर खोचला, दाराकडे तोंड केलं आणि फणसवाडीच्या त्या गप्प खोलीत पूर्ण आवाज सोडला. "गो चेडवा! भाकरी टाकून खंय पळतंस? अन्न आसा ता! हय ये, बस खाली, पयली ती भाकरी खा, नि मगे मर खंय मरतंस ता!"

खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. मी आवाज ओळखला. बाईंनीही ओळखला.